स्वमग्न मुलाच्या मनाला आधार देणारा माणूस कसा शोधावा?

वाचकांचे प्रश्न, मानसतज्ज्ञांची उत्तरे
(पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.)

प्रश्न : आम्ही नागपुरात राहतो. माझा मुलगा पंधरा वर्षांचा असून नववीत शिकतो. तो साडेतीन वर्षांचा असताना त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असल्याचे निदान झाले. त्यानंतर स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी हे सगळे आम्ही मनापासून केले आणि तो नेहमीच्या शाळेत रमलाही. त्याला हवामानाचे विलक्षण वेड आहे. पाचवीपासून तो नागपूरचे रोजचे कमाल आणि किमान तापमान वहीत लिहीत आला आहे. गेल्या दिवाळीनंतर मात्र सगळे बिघडले. रात्री दोन-तीन वाजेपर्यंत तो जागा असतो, शाळेचे नाव काढले की स्वतःचे मनगट चावतो, जेवण अर्ध्यावर आले आहे आणि ती वही त्याने कपाटात टाकून दिली आहे. ‘मला हे काहीच नको आहे’, असे तो वारंवार म्हणतो. एका समुपदेशकांकडे नेले, तर त्यांनी ‘माझ्या डोळ्यांत बघून बोल’ असा सतत आग्रह धरला. घरी आल्यावर तो कितीतरी वेळ कोणाशी बोललाच नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘स्वमग्न मुले अशीच असतात, वयात आल्यावर हे वाढते’, असे सांगून गोळ्या लिहून दिल्या. त्या आम्ही अजून सुरू केलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात दृष्ट लागली, मुलाचे बाबा म्हणतात मुंबईला नेऊ. तो स्वतः आता कोणत्याच दवाखान्यात यायला तयार नाही. नागपुरात आम्ही नक्की कोणाकडे जावे? गोळ्या द्याव्यात का? आणि त्याला स्वमग्नता आहे हे आम्ही त्याला अजून सांगितलेले नाही. ते सांगावे का?
एक आई, नागपूर

उत्तर : ताई, बाकी सर्व प्रश्नांच्या आधी तुमच्या मुलाच्या त्या एका वाक्याकडे वळू या. ‘मला हे काहीच नको आहे’ याचा अर्थ शाळा नको असा असेल, घरातली बोलणी नकोत असा असेल किंवा जगणे नको असाही असू शकेल, आणि तो कोणता हे अंदाजाने ठरवू नये. स्वमग्न मुलामुलींमध्ये मरणाचे विचार इतर मुलांपेक्षा अधिक आढळतात आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते ओळखता येतातच असे नाही. म्हणून आजच, घरात शांतता असताना, त्याच्या शेजारी बसून सरळ शब्दांत विचारा : ‘तुला मरून जावे असे वाटते का? स्वतःला काही करून घ्यावे असा विचार मनात येतो का?’ आडवळणाने विचारलेला प्रश्न त्याला कळणार नाही. विचारल्यामुळे असा विचार मुलाच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे; बहुतेक मुलांना कोणीतरी विचारले याने हलके वाटते. तोंडाने सांगणे जड जात असेल, तर कागदावर ‘हो’, ‘नाही’, ‘कधीकधी’ असे लिहून त्याला बोट ठेवू द्या. उत्तर ‘हो’ किंवा ‘कधीकधी’ असे आले, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. घरातली औषधे, कीटकनाशके आणि धारदार वस्तू कुलपात ठेवा, त्याला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. रात्रीची वेळ असेल तर मेडिकल या सरकारी रुग्णालयाचा आकस्मिक विभाग उघडा असतो. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, विनामूल्य बोलता येते, आणि पालकांनी मुलाविषयी फोन केला तरी चालतो.

आता मूळ मुद्दा. ‘स्वमग्न मुले अशीच असतात’, हे तुम्हाला मिळालेले उत्तर मला मान्य नाही. स्वमग्नता तुमच्या मुलाबरोबर जन्मापासून आहे. दिवाळीआधीही ती होती, आणि तरीही तो शाळेत जात होता, झोपत होता, वही लिहीत होता. जे दिवाळीनंतर आले ते दुसरे काहीतरी आहे, आणि त्याला कारण आहे. ताप आलेल्या मुलाला कोणी ‘हा चष्मेवालाच आहे’ असे सांगून घरी पाठवत नाही. पण स्वमग्न मुलाची निद्रानाश, चिडचिड, अन्नावरची वासना उडणे ही लक्षणे मात्र सहज स्वमग्नतेच्या खात्यावर टाकली जातात आणि त्याखालचा उपचार करण्याजोगा आजार तसाच राहतो. स्वमग्न मुले आणि किशोरवयीन यांच्यापैकी साधारण दहातल्या चौघांना चिंतेचा एखादा विकार असतो असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसून आले आहे, आणि वय वाढते तशी उदासीनतेची, म्हणजे नैराश्याच्या आजाराची, शक्यताही वाढते. आवडता छंद अचानक सुटणे ही तर स्वमग्न मुलांमधील उदासीनतेची महत्त्वाची खूण आहे. बंद झालेली ती वही डॉक्टरांना आवर्जून सांगा. मला तुमच्या पत्रात सर्वांत जास्त काळजी त्या वहीची वाटली.

मनाच्या डॉक्टरांकडे जाण्याच्या आधी किंवा त्याबरोबरच एकदा बालरोगतज्ज्ञांकडून शरीराची तपासणी करून घ्या. दातदुखी, बद्धकोष्ठता, कानाचे दुखणे, थायरॉइड, रक्तातील कमतरता अशा गोष्टी नीट सांगता न आल्यामुळे वागणुकीतून बाहेर पडतात. किशोरवयात स्वमग्न मुलांना अपस्माराचे (फिट्सचे) झटके प्रथमच सुरू होण्याचाही संभव असतो, म्हणून मधेच टक लावून स्तब्ध होणे, अंगाला झटके येणे असे काही दिसले असेल तर तेही सांगा.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत काय बदलले, याचाही शोध घ्यायला हवा. वर्ग बदलला का, नेहमीचा बाक गेला का, शेजारी बसणारा मित्र दुसऱ्या तुकडीत गेला का, दहावीच्या नावाने रोज धाक घातला जातो आहे का? आणि मन घट्ट करून विचारायचा प्रश्न म्हणजे कोणी त्याला चिडवते, मारते, त्याच्या अंगाला हात लावते का. नेहमीच्या शाळेत ‘रमलेली’ स्वमग्न मुले पुष्कळदा दिवसभर स्वतःला आवरून धरत असतात. हात हलवायचे नाहीत, गोंगाट सहन करायचा, इतर हसले की हसायचे. वर्षानुवर्षे हे केल्यावर एक वेळ अशी येते की ते बळ संपते आणि पूर्वी सहज जमणाऱ्या गोष्टीही जमेनाशा होतात. अशा थकव्याला विश्रांती आणि ओझे कमी करणे हाच पहिला उपचार असतो, आणि तो उदासीनतेसारखा दिसत असल्याने दोन्हींतला फरक जाणणारा माणूस लागतो.

तो माणूस कोण, हे तुम्ही विचारले आहे. मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एम.बी.बी.एस. नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. ही पदवी किंवा डी.पी.एम. ही पदविका घेतलेले डॉक्टर, निदान करण्याचा आणि औषधे देण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि त्यांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) औषधे देत नाहीत. ते चाचण्या आणि बोलण्यातून होणारा उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असावी लागते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेली आहे. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटू देऊ नका; जो खरा तज्ज्ञ असतो त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. समुपदेशक या नावाखाली मात्र फार निरनिराळ्या तयारीची माणसे काम करतात, त्यांपैकी काही उत्तम असतात, पण केवळ पाटीवरून ते कळत नाही. ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि विशेष शिक्षक यांचे काम वेगळे, तेही मोलाचे; पण उदासीनतेवर उपचार करणे हे त्यांचे क्षेत्र नव्हे. तुमच्या मुलाला आज मनोविकारतज्ज्ञ आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ अशा दोघांची, एकमेकांशी बोलणाऱ्या दोघांची, गरज आहे.

नागपुरात या दृष्टीने अंधार नाही. मेडिकल म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मेयो म्हणजे इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि मिहानमधील एम्स, या तिन्ही ठिकाणी मनोविकार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या नावाने शहरात अजूनही लोक दचकतात. पण तेथे बाह्यरुग्ण विभागही आहे आणि तेथे दाखवायला जाणे म्हणजे भरती होणे नव्हे. दिव्यांग व्यक्तींसाठी केंद्र सरकारने चालवलेले संयुक्त प्रादेशिक केंद्र, ज्याला सीआरसी म्हणतात, तेही नागपुरात आहे आणि तेथे पुनर्वसन क्षेत्रातील विविध तज्ज्ञ एकाच छताखाली भेटू शकतात. खासगी दवाखाने मुख्यतः धंतोली आणि रामदासपेठेत एकवटले आहेत. मुंबईला जाण्याविषयी माझे मत असे की, एकदा सविस्तर निदानासाठी किंवा दुसऱ्या मतासाठी जायला हरकत नाही. पण दर आठवड्याला भेटणारा, शाळेशी बोलू शकणारा, अडचणीच्या रात्री फोन उचलणारा माणूस नागपुरातलाच हवा. दूरचे तज्ज्ञ व्हिडिओवरून इथल्या डॉक्टरांना सल्ला देऊ शकतात. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी अशा सल्ल्याला रीतसर जागा दिली आहे.

‘स्वमग्नतेचे तज्ज्ञ’ अशी पाटी असलेल्यांनाच शोधत बसू नका, असे मी तुम्हाला आग्रहाने सांगेन. आपल्याकडे अशा पाट्या बहुतेक लहान मुलांच्या उपचार केंद्रांवर असतात आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या उदासीनतेचा अनुभव तेथे असेलच असे नाही. त्यापेक्षा चिंता आणि उदासीनता यांवर उपचार करण्यात मुरलेला आणि आपली पद्धत तुमच्या मुलासाठी बदलायला राजी असलेला माणूस अधिक उपयोगी पडतो. इंग्लंडमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१३ साली स्वमग्न मुलांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत चिंतेसाठी विचार आणि वर्तनावर आधारित उपचार सुचवला आहे, पण तो जसाच्या तसा नव्हे. आधी भावना ओळखायला शिकवावे, तोंडी बोलण्यापेक्षा लेखी आणि चित्रमय साहित्य अधिक वापरावे, भेटीची रचना ठरलेली असावी, मधे नियमित विश्रांती असावी, पालकांना सोबत घ्यावे आणि मुलाच्या आवडीच्या विषयाला उपचारात जागा द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

यातले शेवटचे, म्हणजे आवडीचा विषय, तुमच्या घरात आयते उपलब्ध आहे. स्वमग्न व्यक्तींपैकी जवळपास निम्म्यांना आपल्या मनात नेमके काय चालले आहे हे ओळखणे आणि शब्दांत मांडणे अवघड जाते. ‘तुला कसे वाटते?’ या प्रश्नावर तुमचा मुलगा गप्प बसत असेल, तर तो लपवत आहे असे समजू नये. त्याला उत्तरच सापडत नसेल. पण ज्या मुलाने चार वर्षे नागपूरचे तापमान लिहिले आहे, त्याला ‘आज आतले तापमान किती?’ असे विचारता येते. जानेवारीच्या पहाटेचे दहा अंश म्हणजे निवांतपणा, मे महिन्यातल्या दुपारचे सेहेचाळीस म्हणजे सहन न होण्याची हद्द. सकाळी उठल्यावर किती होते, शाळेच्या फाटकाशी किती झाले, चाळीसच्या पुढे गेले की अंगात काय होते, छातीत धडधडते की पोटात गोळा येतो, आणि ते खाली आणायला काय उपयोगी पडते, हे सगळे त्याच वहीच्या नव्या पानावर लिहिता येईल. चांगला मानसशास्त्रज्ञ ही कल्पना ऐकताच ती उचलून धरेल. ‘हवामानाचे वेड आधी सोडवू या’, असे कोणी म्हणाले, तर तेथून परत या.

फोनवर अपॉइंटमेंट घेतानाच काही गोष्टी विचारून घ्या. किशोरवयीन स्वमग्न मुलांबरोबर त्यांनी काम केले आहे का. मुलगा बोलला नाही तर लिहून किंवा टाइप करून संवाद चालेल का. तो जमिनीकडे पाहत राहिला, हात हलवत राहिला, फेऱ्या मारत बोलला तर चालेल का. पहिल्या भेटीआधी खोलीचा आणि स्वतःचा फोटो पाठवता येईल का. आणि उपचाराचे ध्येय त्यांच्या मते काय असेल. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर फार बोलके असते. ‘त्याला नॉर्मल करू’, असे उत्तर आले तर आभार मानून फोन ठेवा. ‘त्याला झोप लागावी, भीती कमी व्हावी, त्याला पुन्हा वही उघडावीशी वाटावी’, असा सूर आला तर तेथे जा. डोळ्यांत बघण्याचा आग्रह धरणाऱ्या समुपदेशकांविषयी तुम्ही लिहिले आहे. अनेक स्वमग्न व्यक्तींना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणे क्लेशदायक वाटते, आणि पाहत राहिले तर ऐकलेले कळत नाही. डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली असे मांडले की, स्वमग्न आणि इतर माणसांमधला गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो. समजून घेण्यात इतर माणसेही तितकीच कमी पडतात. मदत करणाऱ्याने तरी आपल्या बाजूचे अंतर कापायलाच हवे. त्या समुपदेशकांकडे पुन्हा जाण्याचे कारण नाही.

तो दवाखान्यात यायलाच तयार नाही, ही अडचण खरी आहे आणि मागच्या अनुभवानंतर त्याचे म्हणणे मला रास्तही वाटते. त्याला फसवून, ‘बाजारात जाऊ’ असे सांगून नेऊ नका. एकदा विश्वास गेला की पुढची दारे बंद होतात. पहिली भेट तुम्ही दोघांनीच घ्या. जाताना एका पानावर लिहून न्या : तो पूर्वी कसा होता, दिवाळीनंतर काय बदलले, झोप आणि जेवण, कोणते आवाज किंवा स्पर्श सहन होत नाहीत, आवडी, आधीची औषधे, आणि घराण्यात कोणाला मनाचा किंवा अपस्माराचा आजार. तज्ज्ञ योग्य वाटले, तर मुलाला लेखी कळवा : कुठे जायचे, कोण भेटेल, किती वेळ लागेल, काय विचारतील, आणि नको वाटले तर थांबायला कोणती खूण करायची. सरकारी बाह्यरुग्ण विभागातली सकाळची रांग आणि खासगी दवाखान्यातली संध्याकाळची गर्दी त्याला झेपणार नाही. सुरुवातीचा किंवा शेवटचा नंबर मागून घ्या, तोवर त्याने बाबांबरोबर बाहेर थांबावे. घरून व्हिडिओवर, कॅमेरा बंद ठेवून, नुसते टाइप करत पहिली भेट झाली तरी ती भेटच आहे. त्याने सांगितलेल्यापैकी काय तुमच्यापर्यंत येईल आणि काय येणार नाही, हेही मानसशास्त्रज्ञांनी त्याला सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. जिवाला धोका असेल तरच सांगितले जाईल, असा तो करार असावा, आणि तुम्हीही तो पाळावा.

तीन-चार भेटींत आजार बरा होणार नाही. पण तेवढ्यात तो परत यायला नकार देत नाही ना, तज्ज्ञ तुमचे ऐकून पद्धत बदलतात ना, आणि प्रत्येक भेटीनंतर तो अधिकच कोलमडत नाही ना, एवढे नक्की दिसते. दिसले नाही तर माणूस बदला.

गोळ्यांविषयी. त्या कोणत्या आहेत हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि लिहिले असते तरी मुलाला न पाहता मी ‘द्या’ किंवा ‘देऊ नका’ म्हणणे योग्य झाले नसते. स्वमग्नतेच्या मूळ लक्षणांवर औषध नाही. रिस्पेरिडोन आणि अरिपिप्राझोल या औषधांना अमेरिकेत अनुक्रमे २००६ आणि २००९ साली मान्यता मिळाली ती स्वमग्न मुलांमधील तीव्र चिडचिड आणि आक्रमकता यांसाठी. ती कधीकधी फार उपयोगी पडतात, पण भूक आणि वजन वाढवू शकतात, म्हणून वजन, साखर, चरबी यांची तपासणी ठेवावी लागते. उदासीनता आणि चिंतेसाठीच्या गोळ्या वेगळ्या. स्वमग्न मुलांत त्या अगदी कमी मात्रेपासून हळूहळू वाढवाव्या लागतात, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांत अस्वस्थता आणि झोपमोड वाढते. याच काळात मरणाच्या विचारांवरही बारीक लक्ष ठेवावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारा : ही गोळी नेमक्या कोणत्या लक्षणासाठी आहे, उपयोग झाला हे किती दिवसांनी आणि कशावरून ठरवायचे, काय दिसले तर लगेच फोन करायचा आणि ती किती काळ चालेल. या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली आणि पटली, तर औषधाला घाबरू नका. गंभीर उदासीनतेत औषध नाकारणे हेही मुलावर अन्यायकारक ठरू शकते. उत्तरे मिळाली नाहीत, तर दुसरे मत घ्या. सुरू केलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नये.

या शोधात तुम्हाला मूलपेशी (स्टेम सेल), ऑक्सिजनची पेटी, शरीरातून धातू काढणे असे महागडे मार्ग सुचवणारेही भेटतील. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या नैतिकता मंडळाने २०२२ साली स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. त्यात पैसे घालू नका. सासूबाईंना मात्र दूर लोटू नका. दृष्ट काढून त्यांच्या मनाला बरे वाटत असेल तर ती काढू द्या, फक्त मुलाला तो धूर आणि वास सोसतो का ते पाहा, आणि उपचार त्यासाठी थांबवू नका.

खर्चाचा विचार तुमच्याही मनात असणार. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ नुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच संरक्षण देणे बंधनकारक आहे. तुमच्या पॉलिसीत बाह्यरुग्ण खर्च बसतो का, एवढे तपासा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधील एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अजून काढले नसेल तर आता काढा. यूडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज केल्यावर सरकारी रुग्णालयात तपासणी होते आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व ठरल्यास बहुतेक सवलती लागू होतात. स्वमग्नतेसह काही दिव्यांगत्वांसाठी केंद्र सरकारने स्थापलेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतच्या खर्चाची तरतूद असून त्यात थेरपीचाही अंतर्भाव आहे. प्रमाणपत्राने मुलावर शिक्का बसेल असे त्याच्या बाबांना वाटत असेल, तर ते कोणाला दाखवायचे हे आपल्याच हातात असते, हे त्यांना सांगा.

शाळेच्या बाबतीत सध्या घाई करू नका. नववीचे वर्ष बुडाले तर पुन्हा करता येते. मुख्याध्यापकांना डॉक्टरांचे पत्र देऊन हजेरीत सवलत मागा, आणि तो सावरू लागला की रोज एक-दोन तास, आवडत्या विषयापासून, वर्ग गजबजण्याआधी पोहोचून अशी सुरुवात करा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात. तोवरचा काळ सावरण्यासाठी मोठा आहे. दहावीला जादा वेळ आणि इतर सवलती शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे मागाव्या लागतात, त्या अर्ज भरण्याच्या मुदतीत मागितल्या म्हणजे ऐनवेळी धावपळ होत नाही.

आणि त्याला सांगावे का? होय, सांगावे, पण या आठवड्यात नव्हे. आपण इतरांसारखे का नाही, याचे काहीतरी उत्तर पंधरा वर्षांच्या मुलाने मनाशी ठरवलेलेच असते आणि ते बहुधा ‘मी वाईट आहे’, ‘मी मूर्ख आहे’ असे असते. खरे कारण कळल्यावर अनेक किशोरांना सुटल्यासारखे वाटते. झोप थोडी सुधारली, तज्ज्ञांशी ओळख झाली की त्यांच्याबरोबर ठरवून, लिहून, शांतपणे सांगा. त्याच्या स्मरणशक्तीचा, बारकाव्यांचा, हवामानाच्या ज्ञानाचा उल्लेख त्याच बोलण्यात यावा, आणि गोंगाट किंवा अचानक बदल त्याला का जड जातात हेही. नंतरच्या दिवसांत तो पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारेल. दर वेळी तीच उत्तरे द्या.

प्रश्न : मी सतरा वर्षांची असून नागपुरात बारावीत आहे. दोन वर्षांपासून मला सतत थकवा आणि उदास वाटते. लहानपणापासून मला मैत्रिणी ठेवता आल्या नाहीत. त्या कशा बोलतात ते पाहून मी आरशासमोर सराव करत असे. वाचनातून मला वाटू लागले की मला स्वमग्नता असावी. घरी सांगितल्यावर आईबाबा मला एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. ते म्हणाले, ‘तुला नव्वद टक्के मिळतात, मुलींना हे नसते.’ आता मी काय करू?
एक विद्यार्थिनी

उत्तर : मुलींना स्वमग्नता नसते हे विधान चुकीचे आहे. निदान झालेल्यांत मुलांची संख्या साधारण तीन ते चारपट दिसते खरी, पण याचे एक कारण असे की मुली सराव करून, नक्कल करून आपल्या अडचणी झाकतात आणि त्यांचे निदान उशिरा होते किंवा होतच नाही. चांगले गुण मिळणे हा स्वमग्नता नसल्याचा पुरावा नव्हे. तुला ती आहे असेही मी पत्रावरून म्हणू शकत नाही. त्यासाठी तुझ्या बालपणाची माहिती घेऊन सविस्तर तपासणी व्हायला हवी. आईला तुझ्या पहिल्या पाच-सहा वर्षांतले जे आठवते ते लिहून द्यायला सांग, आणि ते आरशासमोरचे सराव तूही लिहून काढ, कारण समोरासमोर बसल्यावर तू सवयीने इतकी नीट वागशील की डॉक्टरांना काही दिसणारच नाही.

मात्र दोन वर्षांच्या उदासीनतेवरचा उपचार या तपासणीसाठी थांबवू नको. त्याची गरज आजच आहे आणि तो आधी सुरू होऊ शकतो. अपॉइंटमेंट घेताना ‘मला उदास वाटते, झोप आणि अभ्यास यांवर परिणाम झाला आहे, आणि स्वमग्नतेची तपासणीही करून हवी आहे’, असे दोन्ही एकदम सांग, म्हणजे तुला वेळ देता येईल अशा तज्ज्ञांचे नाव मिळेल. बोलताना शब्द सुचले नाहीत तर हे पत्रच दाखव. मरणाचे विचार येत असतील तर आज आईबाबांना सांग किंवा १४४१६ वर फोन कर. आणखी एक गोष्ट तुझ्या आईबाबांसाठी : अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर उपचारांविषयीचे निर्णय मुलीचे स्वतःचे असतात आणि स्वमग्नतेचे निदान झाले म्हणून त्यात बदल होत नाही. राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीमार्फत पालकत्व घेण्याची सोय आहे, पण ती ज्यांना स्वतःचे निर्णय घेणे शक्य नाही त्यांच्यासाठी. तुझ्यासारख्या मुलीला तिची गरज पडू नये.